रस्त्यावर उभी राहणारी जुनी गाडी चोरापासून कशी वाचवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या एका कॉलनीत महिन्याभरात एक जुनी स्विफ्ट चोरीला गेली आणि एका ईकोचा सायलेन्सर रातोरात काढून नेला. प्रश्नकर्त्यांची 2011 ची सीएनजी वॅगनआर घरासमोर रस्त्यावरच उभी असते. शेजारी म्हणतात जीपीएस बसवा, मेहुणे म्हणतात गियर लॉक पुरे, आणि एकाने तर दाराच्या हँडलला करंट सोडायचा सल्ला दिला आहे. शिवाय, ‘चोर तसे मूर्खच असतात, बातम्यांत वाचतोच की, मग एवढा खर्च कशाला?’ असंही त्यांनी विचारलं आहे.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, द्वारकेच्या बाजूला माझं काम चालतं. वायरिंग, चाव्यांचं कोडिंग, सेंट्रल लॉक, जीपीएस ही रोजची कामं. चोरीला जाऊन परत मिळालेल्या गाड्यांचं तोडलेलं वायरिंगही जोडायला माझ्याकडेच येतं. चोर कुठून आत शिरला, कशापाशी अडला आणि कुठे त्याने नाद सोडला, हे त्या गाडीत स्पष्ट दिसतं. पुढे लिहितोय ते बहुतेक त्यातूनच शिकलेलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या गाडीला बाहेरून दिसेल असं एक लॉक आणि कुणालाच दिसणार नाही असा एक स्विच, एवढं करा. जीपीएस त्यानंतर, पैसे उरले तर. करंटचा विचार आजच डोक्यातून काढून टाका.

आता चोरांच्या मूर्खपणाबद्दल. त्या बातम्या खोट्या नसतात. मे 2023 मध्ये कानपूरला तिघा तरुणांनी एक मारुती व्हॅन चोरली. तिघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती. रात्रभरात त्यांनी ती दहा किलोमीटर ढकलत नेली आणि पुढे पकडले गेले. आपल्याकडेही असे नग कमी नाहीत. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तरी काचेवरचा टॅग न काढता टोलनाक्यातून जाणारे चोर आहेत. दिंडोरी रोडच्या माझ्या एका गिऱ्हाइकाची बोलेरो रात्री गेली आणि पहाटे त्यांच्या मोबाइलवर पिंपळगाव बसवंतच्या नाक्यावर टोल कापल्याचा मेसेज आला. त्यांनी तो तसाच पोलिसांना दाखवला. चांदवडच्या अलीकडे एका ढाब्यामागे गाडी सापडली.

पण ती गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिची दशा काय होती, ते सांगतो. स्टीयरिंगखालचं प्लास्टिक पान्याने ओरबाडून काढलेलं. इग्निशनची लॉक असेंब्ली मुळासकट उखडलेली. तिच्या मागचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ओढून तोडल्यामुळे सात-आठ वायरी वेगवेगळ्या लांबीवर तुटलेल्या, त्यातल्या दोन एकमेकींना चिकटून जळालेल्या, आणि फ्यूज बॉक्सच्या एका कोपऱ्याचं प्लास्टिक वितळलेलं. क्लच गेलेला. मागच्या सीटखाली ठेवलेला जॅक आणि स्टेपनीही गायब. असं काम करायला चार-पाच दिवस जातात, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत खर्चाचा आकडा ऐकून मालक खाली बसतो. मूर्ख चोर पोलिसांना लवकर सापडतो, हे खरं. पण गाडीचे हाल हुशार चोरापेक्षा तोच जास्त करतो, कारण त्याला काय कुठे आहे ते माहीत नसतं आणि तो हाताला येईल ते उपटतो. चोर मूर्ख आहे या भरवशावर गाडी सोडून द्यायची नाही, ती याचसाठी.

दुसऱ्या जातीचे चोर वेगळे. त्यांना कुठली गाडी हवी हे आधीच ठरलेलं असतं. अपघातात पूर्ण मोडलेली, विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी कुणीतरी कागदपत्रांसकट भंगारात घेतो. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चांगली गाडी चोरायची आणि तिच्यावर त्या मोडलेल्या गाडीचा चेसिस नंबर पंच करायचा. किंवा गाडी दोन दिवसांत सुटी करून तिचे पार्ट विकायचे. नाशिकहून एक रस्ता मुंबईला, एक आग्र्याकडे, एक पुण्याला आणि पेठ किंवा सापुताऱ्याच्या बाजूने गेलं की थोड्याच वेळात गुजरात. रात्री दोनला उचललेली गाडी सकाळी तुम्ही चहा घेऊन बाहेर येईपर्यंत दुसऱ्या राज्यात असू शकते. अशा टोळीने तुमचीच गाडी हेरली असेल तर कुठलंही एक लॉक तिला कायमचं रोखणार नाही. मात्र तिलाही वेळेची चिंता असते. गल्लीत पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं लागणार असं दिसलं की ती पुढची गाडी बघते. आपण सगळे जे काही बसवतो, ते ही वाढीव दहा मिनिटं विकत घेण्यासाठी.

गाड्या प्रत्यक्षात जातात कशा, हे बघितलं तर पुष्कळ वेळा चावी चोराच्या हातात आपणच दिलेली असते. रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी बाहेर गर्दी असते. ‘नंबर लागला का बघून येतो’ म्हणून लोक एसी चालू, इंजिन चालू, चावी गाडीतच ठेवून उतरतात. शाळेच्या दारात मुलाला सोडताना तेच. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नाला गेलं की पार्किंगवाल्या पोराकडे घराच्या चाव्यांसकट जुडगा देतात. तो पोरगा लॉन्सचाच आहे का, एवढंही विचारत नाहीत. जुनी गाडी विकायला काढलेली असते, फोनवर बोललेला माणूस ट्रायल मागतो, आणि ‘आता तुम्ही या बाजूला बसा’ म्हणत जागा बदलायच्या क्षणी गाडी घेऊन सुटतो. ट्रायल देताना मालकाने चालू गाडीतून उतरायचंच नाही. जागा बदलायची असेल तर इंजिन बंद, चावी खिशात, मग उतरायचं. घरातही चावी दाराशेजारच्या खुंटीला नको. घरफोडीला आलेला चोर जाताना त्याच चावीने गाडीही नेतो.

चावी हरवली असेल तर फक्त नवी बनवून थांबू नका. चिपवाल्या चावीच्या गाडीत हरवलेल्या चावीची नोंद गाडीच्या मेमरीतून काढून टाकता येते. तसं सांगितलं नाही तर बरेचजण नुसती नवी चावी जोडून देतात आणि जुनी तशीच चालू राहते. सेकंड हँड गाडी घेतल्यावरही हे करून घ्यावं. आधीच्या मालकाने किती चाव्या बनवल्या होत्या, याचा कुणालाच पत्ता नसतो.

इथून तुमच्या वॅगनआरकडे येतो. पहिला प्रश्न, तिच्यात इमोबिलायझर आहे का? चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, इग्निशनच्या भोवती एक कॉइल असते. चावी फिरवली की दोघांचं जुळतं, तरच इंजिन चालू राहतं. मारुतीच्या गाड्यांत त्याला आयकॅट्स म्हणतात. तुमच्या काळातल्या गाड्यांत हे मॉडेल आणि व्हेरियंट बघून असायचं किंवा नसायचं. इग्निशन ऑन केल्यावर मीटरमध्ये चावीच्या चित्राचा दिवा लागून विझतो का बघा. मॅन्युअलमध्ये बघा. तरीही शंका असेल तर बिनचिपची साधी चावी कापून घ्या. तिने दार उघडलं पण इंजिन सुरू झालं नाही, तर इमोबिलायझर आहे आणि चालू आहे. सुरू झालं तर तुमची गाडी एका साध्या लोखंडी चावीच्या अंतरावर आहे, असं समजा.

ही चिप किती महत्त्वाची, याचा पुरावा अमेरिकेत मिळाला. तिथे ह्युंदाई आणि कियाने अनेक वर्षं बऱ्याच मॉडेलमध्ये इमोबिलायझर दिलाच नव्हता. 2015 च्या गाड्यांचं उदाहरण घ्या. इतर कंपन्यांच्या 96 टक्के मॉडेलमध्ये तो होता, या दोघांच्या फक्त 26 टक्के मॉडेलमध्ये. पुढे 2021-22 मध्ये पोरांनी या गाड्या कशा चालू करायच्या याचे व्हिडिओ पसरवले आणि शहरोशहरी गाड्या जाऊ लागल्या. यातली बहुतेक पोरं गाडी विकायलाही नेत नव्हती, नुसती पळवायला नेत होती. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणेने सांगितलं, की या प्रकारातून किमान 14 अपघात आणि 8 मृत्यू झाले. सुमारे 83 लाख गाड्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं, आणि स्टीयरिंगचे लॉक फुकट वाटावे लागले. शेजारच्या कॅनडात सप्टेंबर 2007 पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर सक्तीचा होता, तिथे या कंपन्यांच्या गाड्यांवर असा प्रसंग आला नाही. चोरी करणारी पोरं काही तंत्रज्ञ नव्हती. गाडीत एक छोटा भाग नव्हता, म्हणून अडाणी चोरालाही ती जमली.

तुमच्या गाडीत चिप असो वा नसो, लपवलेला स्विच बसवाच. आमच्या धंद्यात याला कट-ऑफ किंवा चोर स्विच म्हणतात. पूर्वी अॅम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात लोक रात्री डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून खिशात घालून झोपायला जायचे, त्याचाच हा नवा अवतार. फ्युएल पंपाला वीज देणारा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो. त्या रिलेला चालू-बंद करणारी बारीक वायर पकडायची आणि तिच्यात स्विच टाकायचा. पंपाची जाड वायर कधीच तोडायची नाही. तिच्यातून मोठा करंट जातो, हलका स्विच टाकला तर तो तापतो, वितळतो आणि सीटखाली आग लागू शकते. जोड सोल्डरने करायचा, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवायची. नुसती पिळून टेप मारलेली वायर दोन पावसाळ्यांत सुटते आणि मग गाडी कसारा घाटात मधोमध बंद पडते. मेकॅनिकला हे करताना उभं राहून बघा. सोल्डरिंग गन बाहेर काढत नसेल तर काम थांबवा.

स्विच कुठे लावायचा ते इथे लिहीत नाही, प्रत्येक गाडीत वेगळी जागा निघते. एवढंच सांगतो, की ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशखाली लावू देऊ नका. निम्म्या शहराचे स्विच तिथेच आहेत आणि चोराचा हात पहिला तिथेच जातो. घरातल्या चालवणाऱ्या माणसांना दाखवा, बाकी कुणाला नाही. गाडी सर्व्हिसिंगला देताना स्विच ऑन करून द्या आणि काहीच बोलू नका.

या स्विचचा मला सर्वांत जास्त आवडणारा गुण असा, की तो लगेच कळत नाही. लाइनमध्ये थोडं पेट्रोल प्रेशरखाली उरलेलं असतं, त्यावर इंजिन सुरू होतं. चोराला वाटतं जमलं. वीस-तीस फूट गेल्यावर, कधी कोपऱ्यापर्यंत, गाडी आचके देऊन बंद पडते आणि मग कितीही सेल्फ मारला तरी उठत नाही. आता तो गल्लीच्या तोंडावर, दिव्याखाली, चोरीच्या गाडीत बसलेला असतो. जेल रोडच्या एका मास्तरांची झेन मला अशीच सापडलेली माहीत आहे, घरापासून तिसऱ्या बंगल्यासमोर, दोन्ही दारं उघडी, हँडब्रेकसुद्धा न ओढलेला. पिना मारून इग्निशन खराब केली होती, बाकी एक ओरखडा नाही.

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. तुमची गाडी पेट्रोलवर सुरू होऊन गॅसवर जाते, पण बऱ्याच किटमध्ये अडचणीच्या वेळी थेट गॅसवर सुरू करायची सोय असते. ती ज्याला ठाऊक आहे त्याला नुसता पेट्रोल पंप तोडून अडवता येत नाही. तेव्हा गॅसच्या सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पुरवठाही त्याच स्विचच्या अखत्यारीत घ्यायला सांगा, आणि हे काम गॅस किटची माहिती असलेल्या माणसाकडूनच करा. गाडी चार-आठ दिवस उभी ठेवणार असाल तर सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्हही बंद करा. नवी, वॉरंटीतली गाडी असेल तर मूळ वायर कापू नका, वॉरंटी नाकारायला तेवढं कारण पुरतं.

दिसणाऱ्या लॉकमध्ये मी गियर लॉकला पहिली पसंती देतो. गाडी रिव्हर्समध्ये टाकून लॉक केली की ती सरळ चालवत नेता येत नाही, आणि लॉक कापायला आवाज होतो. बसवताना बोल्ट कुठले वापरले ते बघा. चांगल्या लॉकबरोबर शिअर बोल्ट येतात, आवळले की त्यांची डोकी तुटून पडतात आणि पान्याला पकडच उरत नाही. घाईत साधे नटबोल्ट लावून दिले तर दहा नंबरच्या पान्याने लॉक निघतो, मग त्याचा उपयोग शून्य. स्टीयरिंगचा लोखंडी दांडा त्यापेक्षा कमजोर, कारण चोर दांडा न कापता स्टीयरिंगची कडीच कापू शकतो. तरी तो काचेतून लांबूनच दिसतो, पिवळा-लाल असतो, आणि स्वस्त आहे. काहीच नसलेल्या गाडीशेजारी दांडा लावलेली गाडी असेल तर चोर कुठल्या गाडीला हात घालेल हे सांगायला नको.

बाकी उपायांबद्दल भराभर सांगतो. लुकलुकणारा खोटा लाल दिवा, ‘जीपीएस बसवलेला आहे’चा स्टिकर: नवशिक्या चोरावर थोडा परिणाम होतो, लावा, पण यंत्राच्या कंपनीचं नाव लिहू नका. सायरनवाला अलार्म: सेन्सर फार नाजूक ठेवला तर मांजर बसलं तरी वाजतो, दिवाळीत रात्रभर वाजतो, आणि आठ दिवसांत गल्ली त्याच्याकडे लक्ष देणं सोडते. मग खरी चोरी होतानाही कुणी उठत नाही. बॅटरीचा टर्मिनल काढणं: उपयोग होतो, पण सेंट्रल लॉक, अलार्म सगळंच झोपतं. गाडीवर कव्हर: कव्हरवर धुळीचा थर दिसला की ही गाडी कुणी हलवत नाही, चोरीला गेली तरी दोन दिवस कळणार नाही, हे चोराला कळतं. आठवड्यातून एकदा तरी गाडी हलवा, जागा बदला. सीसीटीव्ही: बहुतेक घरांचा कॅमेरा पहिल्या मजल्यावर असतो, रात्री हेडलाइटच्या झोतात नंबर पांढरा पट्टा होऊन जातो. कॉलनीने मिळून गल्लीच्या तोंडाशी, कमी उंचीवर, येणाऱ्या गाडीच्या बाजूने तिरका कॅमेरा लावला तर तो पोलिसांच्या खरा कामाचा. पार्क करताना नाक भिंतीकडे, पुढची चाकं पूर्ण वळवून, स्टीयरिंग लॉक ‘टक्’ होईपर्यंत फिरवून ठेवा. याला एक रुपया लागत नाही.

जीपीएसबद्दल लोकांची अपेक्षा फार मोठी असते. जीपीएस चोरी थांबवत नाही, गाडी कुठे आहे ते सांगतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत यंत्र बिघडल्याच्या कमी आणि सिमचा रिचार्ज संपल्याच्या जास्त होत्या. मालकाला तो संपल्याचं चोरीनंतर कळलेलं असतं. तारखेची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा. आत स्वतःची छोटी बॅटरी असलेलंच यंत्र घ्या, नाहीतर गाडीची बॅटरी काढली की ते मेलं. डॅशखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक स्कॅनर जोडतो ते) नुसतं टोचायचं यंत्र चोर पहिल्या मिनिटात उपटतो. मुरलेले चोर गाडी नेऊन दोन-तीन दिवस एखाद्या सोसायटीच्या किंवा दवाखान्याच्या पार्किंगमध्ये नुसती उभी करतात. कुणी शोधत आलं तर गाडीत जीपीएस आहे, नाही आलं तर पुढे न्यायची. त्या दोन दिवसांतच तुमचं यंत्र कामाला येतं. मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय घेतली असेल तर ती चालत्या गाडीत वापरू नका. पॉवर स्टीयरिंग आणि ब्रेकची मदत अचानक गेली की गाडी पुढच्या रिक्षावर जाईल. यंत्र बसवतानाच सांगा, की गाडी थांबून इग्निशन बंद झाल्यावरच कट लागू होऊ दे.

आणि करंट. हँडलला, पत्र्याला वीज सोडायची मागणी माझ्याकडे अधूनमधून येते, आणि मी ती करत नाही. रात्री त्या गाडीला पहिला हात चोर लावेलच असं नाही. शेजारच्याचं पोर चेंडू काढायला वाकतं, पेपरवाला आधार घेतो, पावसात म्हातारं माणूस टेकतं. कुणी मेलं तर तुमच्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होईल, आणि समोरचा चोर होता या कारणाने सुटका होणार नाही. काचा, खिळे, काटेरी तार यांचंही तेच.

नव्या गाड्या वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हे वाचणाऱ्यांत तेही असतील. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत चावी खिशातूनच गाडीशी बोलते. एक चोर घराच्या दाराशी आणि दुसरा गाडीशी उपकरण घेऊन उभा राहिला तर दरवाजाशेजारी ठेवलेल्या चावीचा सिग्नल गाडीपर्यंत पोचवता येतो. चावी आतल्या खोलीत, धातूचा थर असलेल्या पाकिटात किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. चाचणी करा: चावी आत ठेवलेला डबा हातात घेऊन गाडीजवळ जा, दार उघडलं तर डबा बदला. लंडनमध्ये 2022 साली गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर काम करणाऱ्या एका संशोधकाचीच टोयोटा चोरीला गेली होती. हेडलाइटमागच्या वायरिंगमधून गाडीच्या आतल्या संदेशवहनात घुसून ती नेल्याचं त्याने पुढे शोधून काढलं. अशा गाडीलाही साधा गियर किंवा स्टीयरिंग लॉक अडथळा आणतोच. महागड्या गाडीला लोखंडी दांडा शोभत नाही म्हणून लोक टाळतात, ते मला पटत नाही.

तुमच्या शेजारच्या ईकोचं वेगळं आहे. त्या चोराला गाडी नकोच होती. सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात, ‘सायलेन्सरमधली माती’ म्हणून ते विकलं जातं. ईको जमिनीपासून उंच, खाली सरकायला जागा भरपूर, आणि काही बोल्ट काढले की भाग हातात, म्हणून महाराष्ट्रभर तिच्यावरच डोळा. वेल्डरकडून सायलेन्सरभोवती चेसिसला धरून लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाईल. गॅसची किंवा पेट्रोलची नळी जवळ असेल तर तिथे वेल्डिंग नको, पट्ट्या शिअर बोल्टने बसवलेल्या बऱ्या.

एवढं करूनही गाडी गेली, तर पहिल्या तासाला किंमत असते. आधी 112 ला फोन, मग जवळच्या पोलीस ठाण्यात. हद्द कुणाची या वादात तुम्ही पडू नका, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. 1 जुलै 2024 पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खाली लागतो, पूर्वी तो 379 होता. फास्टॅग घाईने ब्लॉक करू नका. शंभर-दोनशे रुपये गेले तर जाऊ देत, पण गाडी घोटीकडे गेली की पिंपळगावकडे की शिंद्याच्या नाक्याकडे, हे तोच सांगेल. ते मेसेज पोलिसांना द्या आणि त्यांच्याशी बोलूनच तो बंद करा. जीपीएसवर गाडी दिसत असेल तरी स्वतः पाठलागाला जाऊ नका, लिंक पोलिसांना द्या.

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, ईमेलने का होईना. पोलिसांत तक्रार लगेच केली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी तो वाद कोर्टात न्यायची वेळ का आणावी? कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. दुसरी चावी कुठे आहे, हे आजच कपाटात बघून ठेवा. चावी गाडीतच राहिली होती असं निघालं तर दाव्यात मोठी कपात किंवा नकार येऊ शकतो. पुढे गाडी मिळाली नाही, की पोलीस ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला असा अहवाल कोर्टाला देतात, तो कागद दाव्याला लागतो. पेठ रोडच्या आरटीओला पत्र देऊन गाडी चोरीला गेल्याची नोंद करा. हे सगळं फक्त चोरीचं संरक्षण असलेल्या पॉलिसीत. 2011 च्या गाड्यांवर बरेचजण स्वस्त म्हणून नुसता थर्ड पार्टी विमा ठेवतात, त्यात चोरीचा एक पैसा मिळत नाही. तुमची पॉलिसी कोणती ते आधी काढून वाचा. एआरएआय या गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये सवलतीची तरतूद आहे, नूतनीकरणाच्या वेळी मागा.

तुमच्यासाठी क्रम असा धरा: या आठवड्यात गियर लॉक, शिअर बोल्टसकट. पुढच्या पगाराला पेट्रोल आणि गॅस दोन्ही अडवणारा चोर स्विच. जुन्या नंबरप्लेट अजून असतील तर त्याच फेरीत हाय सिक्युरिटी प्लेट लावून घ्या. तिचा स्नॅप लॉक तोडल्याशिवाय ती निघत नाही आणि तोडला की पुन्हा बसत नाही, त्यामुळे तुमची प्लेट काढून दुसऱ्या चोरीच्या गाडीला लावणं अवघड होतं. आणि कॉलनीतल्या ज्यांची ईको आहे त्यांना पिंजऱ्याचं आजच सांगा. सायलेन्सर नेणारे त्याच गल्लीत परत येतात.